कपड्यातली थरथर आणि तिचा अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपड्यात छोट्या मोटर बसवल्या की त्यांच्या थरथरीने अंगाला निरोप देता येतो. त्याबद्दल कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून, इचलकरंजीच्या मागांच्या शेडमधून, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींकडून आणि ऐकू न येणाऱ्या लेकरांच्या आईवडिलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, मधले स्वतः बनवणाऱ्यांसाठी, शेवटचे अडचणीच्या जागांसाठी. घाईत असाल तर ३, ९ आणि १२ आधी वाचा. बहुतेक पट्टे आणि जॅकेटं तिथेच फसतात.

१. खिशातला मोबाइल थरथरतोच की. मग कपड्यात वेगळ्या मोटर कशाला?

मोबाइलची थरथर एवढंच सांगते की काहीतरी आलंय. काय आलं ते बघायला मोबाइल बाहेर काढावा लागतो. कपड्यात चार, सहा किंवा आठ छोट्या मोटर ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे जागा हाच निरोप होतो. डावा दंड थरथरला तर डावीकडे, पाठ थरथरली तर मागे बघा. हात कामात असोत, डोळे कामात असोत, कान यंत्रांच्या आवाजाने भरलेले असोत, तरी निरोप पोचतो.

आत फार काही नसतं: मोटर, त्यांना करंट पुरवणारं ड्रायव्हर सर्किट, ब्लूटूथ किंवा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर (जसा ईएसपी३२ बोर्ड) आणि बॅटरी. पाचवी वस्तू कपडा. ती सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तिचा विचार सगळ्यात शेवटी करतात.

२. ही कल्पना नवीन आहे का? तयार काही मिळतं का?

नवीन नाही. फ्रँक गेल्डार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये छातीवर पाच कंपकं बसवून भाषा तयार केली होती. पाच जागा, तीन जोर आणि तीन लांबी मिळून ४५ खुणा. १९६९ मध्ये पॉल बाख-इ-रिटा यांनी खुर्चीच्या पाठीत ४०० कंपकं बसवली आणि कॅमेऱ्यातलं चित्र अंध माणसांच्या पाठीवर उमटवलं. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात कमरेभोवती सतत उत्तर दिशा दाखवणारा पट्टा तयार झाला. आपल्याकडे हैदराबादच्या कंपनीने ‘लेचल’ नावाचे वळण सांगणारे बूट आणि सोल काढले. व्हिडिओ गेमसाठी बऱ्याच मोटर असलेली जाकिटंही विकली जातात, पण ती दणका जाणवावा म्हणून बनवलेली असतात. निरोप देण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग नाही.

३. अंगावर मोटर कुठे बसवायच्या? किती अंतरावर?

बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरचे दोन स्पर्श वेगळे कळतात. पाठीला मात्र दोन स्पर्श वेगळे कळायला साधारण चार सेंटीमीटर अंतर लागतं. कंपन तर आजूबाजूच्या मासातून पसरतं, म्हणून धडावर दोन मोटरमध्ये किमान सहा सेंटीमीटर ठेवा. आठ-दहा ठेवता आलं तर उत्तम.

कमर ही सर्वांत भरवशाची जागा आहे. ८० सेंटीमीटर कमरेवर आठ मोटर बसवल्या तर प्रत्येकी दहा सेंटीमीटर अंतर येतं आणि प्रत्येक मोटर ४५ अंशाची दिशा दाखवते. एक मोटर नेमकी बेंबीवर आणि एक नेमकी कण्यावर आणा. या दोन जागा माणूस क्वचितच चुकतो आणि बाकीच्या त्यांच्या आधाराने ओळखतो. बारा मोटर लावायचा मोह होतो, पण बारापेक्षा आठात आणि आठापेक्षा सहात चुका कमी होतात.

कमरेनंतर दंडाची बाहेरची बाजू आणि खांद्यांमागचा भाग चांगला. गळ्याखालचं हाड (कॉलरबोन) आणि बरगड्या टाळा. हाडावर ठेवलेल्या मोटरचं कंपन लांबवर पसरतं आणि जागा कळत नाही. मोटर मानेजवळ असेल तर हाडातून कानात गुरगुर ऐकू येते, आणि दिवसभर ते सहन होत नाही.

४. आई साडी नेसते. तिच्यासाठी पट्टा कुठे बांधायचा?

परकराच्या नाडीवर पट्टा बांधू नका. तिथे निऱ्यांचे थर आणि नाडीची गाठ असते, त्यामुळे पुढच्या मोटर अंगापासून सुटतात. साडीच्या आतून, नाडीच्या तीन बोटं वर, चार-पाच सेंटीमीटर रुंदीचं मऊ इलास्टिक बसतं.

दोन-चारच निरोप हवे असतील तर याहून सोपी जागा आहे: ब्लाउजच्या बाहीचा काठ. तो आधीच दंडाला नीट चिकटलेला असतो. दोन्ही बाह्यांच्या काठात आतून एकेक मोटर बसवा, तारा बाहीच्या शिवणीतून खांद्यावरून पाठीकडे न्या आणि बॅटरी पाठीमागे, हूकपट्टीपासून दूर, छोट्या खिशात ठेवा. दार वाजलं तर डावा दंड, फोन आला तर उजवा. एवढ्यावर खूप काम भागतं.

५. कुठली मोटर घ्यायची? दुकानात दोन प्रकार दाखवतात.

पहिली नाण्यासारखी गोल मोटर: दहा मिलिमीटर व्यास, तीनेक मिलिमीटर जाडी, आत एका बाजूला जड असलेलं वजन फिरतं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘व्हायब्रेटर’ म्हटलं की हीच मिळते. तीन व्होल्टवर चालते, ६० ते ८० मिलिअँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त. पूर्ण वेगावर मिनिटाला साधारण १२,००० फेरे म्हणजे २०० हर्ट्झ. त्वचेखाली खोलवर असलेल्या, कंपन टिपणाऱ्या पॅसिनियन कणिकांना २०० ते ३०० हर्ट्झ सर्वांत चांगलं कळतं, म्हणजे ही मोटर नेमकी कामाच्या पट्ट्यात येते.

दुसरी एलआरए (लिनिअर रेझोनंट ॲक्च्युएटर). तिच्यात वजन फिरत नाही, स्प्रिंगवर पुढे-मागे हलतं. ती ठरलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीवर नीट चालते आणि तिला एसी सिग्नल देणारा ड्रायव्हर लागतो. फायदा वेगाचा. नाणं-मोटरला पूर्ण जोर धरायला ५० ते १०० मिलिसेकंद लागतात, एलआरएला त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पहिल्यांदा करत असाल तर नाणं-मोटरच घ्या, आणि गरजेपेक्षा तीन-चार जास्त घ्या. का ते ९ मध्ये आहे.

६. मोटर सरळ ईएसपी३२ च्या पिनला जोडली तर चालते का?

थोडा वेळ चालल्यासारखं वाटेल. त्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि मोटरला त्याच्या दुप्पट लागतं. शिवाय मोटर बंद होताना उलटा व्होल्टेजचा झटका पिनवर येतो. पिन जळते, कधी अख्खा बोर्ड.

एका मोटरसाठी एवढं लागतं: २एन२२२२ ट्रान्झिस्टर, पिन आणि बेसच्या मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर, मोटरला समांतर १एन४१४८ किंवा १एन४००७ डायोड (पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे), आणि मोटरजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोटरचा पॉझिटिव्ह सरळ बॅटरीवरून घ्या, बोर्डाच्या ३.३ व्होल्ट पिनवरून नको.

दोन चुका हमखास होतात. प्लॅस्टिकच्या २२२२ चे पाय सगळ्या कंपन्यांचे सारख्या क्रमाने नसतात. ‘पीएन’ने सुरू होणाऱ्यात आणि ‘पी२एन’ने सुरू होणाऱ्यात एमिटर आणि कलेक्टर उलटे असतात, म्हणून मल्टिमीटरने तपासूनच डाग द्या. दुसरी चूक म्हणजे घरात आहे म्हणून बीसी५४७ वापरणं. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. मोटर सुरू होतानाच तो तिथे पोचतो आणि काही दिवसांत बसतो.

७. आठ मोटर आहेत. आठ ट्रान्झिस्टर लावायचे का?

नको, यूएलएन२८०३ ही एकच चिप पुरते. आठ चॅनल, डायोड आतच. तिच्यात जवळपास एक व्होल्ट खाल्ला जातो, आणि इथे तेच हवं असतं: पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते आणि मोटर तीनची आहे. मात्र बॅटरी ३.४ पर्यंत उतरली की मोटरला अडीचच्या आसपासच मिळतात आणि ती सुरू व्हायला कां-कूं करते. बॅटरी ३.५ ला आली की ‘चार्ज करा’ हा वेगळा निरोप द्यायची सोय ठेवा.

डीआरव्ही२६०५एल हा ड्रायव्हर एलआरएसाठी उत्तम, नाणं-मोटरही चालवतो आणि त्यात १२३ तयार थरथरी आहेत. पण त्या सगळ्या चिपचा आय-टू-सी पत्ता (कंट्रोलर ज्या नंबरने चिपला हाक मारतो तो) एकच असतो आणि तो बदलता येत नाही. आठ लावल्या तर आठही एकदम बोलतात. मध्ये टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर (एका वेळी एकाच चिपशी तार जोडणारी चिप) टाकावा लागतो.

बोर्ड मध्येच रीसेट होत असेल तर बहुधा मोटर एकदम सुरू होताना व्होल्टेज कोसळतंय. बॅटरीच्या टोकांना ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि प्रोग्राममध्ये दोन मोटर सुरू करण्यात २० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. अंगाला तो फरक कळत नाही.

८. तारेऐवजी कंडक्टिव्ह दोरा वापरला तर? दिसायलाही छान दिसतो.

सेन्सरसाठी चालेल, मोटरसाठी नाही. हिशोब करून बघा. स्टीलच्या तीन पदरी दोऱ्याचा रोध मीटरला साधारण ३३ ओहम. जायला ६० सेंटीमीटर, यायला ६० सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ४० ओहम. ७५ मिलिअँपिअर गुणिले ४० म्हणजे तीन व्होल्ट दोऱ्यातच संपले. मोटरला काही उरलं नाही.

चांदीचा मुलामा दिलेल्या दोऱ्याचा रोध कमी असतो, पण घामाने आणि हवेतल्या गंधकाने तो काळा पडतो. हुपरीच्या कारागिरांना हे सांगायला नको. फरक एवढाच की पैंजण उजळून घेता येतं, शिवलेला दोरा नाही.

सिलिकॉनचं आवरण असलेली २८ किंवा ३० गेजची अनेकतारी वायर घ्या. एकेरी कडक तार नको, ती वाकून वाकून आतल्या आत तुटते.

९. पट्टा पहिल्या आठवड्यात छान चालला, मग एकेक मोटर बंद पडत गेली. असं का?

दहातल्या आठ वेळा मोटर चांगली असते. तिची केसासारखी वायर, जिथे मोटरच्या अंगातून बाहेर येते नेमकी तिथे तुटलेली असते. मल्टिमीटर लावा. मोटर ठीक असेल तर २० ते ८० ओहमच्या दरम्यान काहीतरी दिसेल. काहीच दिसलं नाही तर तार तुटली आहे.

शिवायची पद्धत अशी ठेवा:

मोटरची तार कुठेही ताणली जाणार नाही, म्हणून जोड मोटरपासून दोन सेंटीमीटरवर करा, त्यावर हीटश्रिंक नळी चढवा, आणि जोडाच्या पुढे तारेचा एक छोटा वळसा सैल सोडून मग ती कापडाला चार टाके घालून बांधा. ओढ आली तर टाक्यांवर येईल, मोटरवर नाही. जिथे तार मोटरमधून निघते तिथे ग्लू गनचा एक थेंब द्या. फेव्हिक्विक अजिबात नको. ते पातळ असतं, फटीतून आत शिरतं आणि आतलं वजन कायमचं चिकटून बसतं.

मोटरसाठी कापडाचा १८ मिलिमीटर चौरस खिसा शिवा, तीन बाजूंनी मशीनचे टाके आणि चौथी बाजू हाताने, म्हणजे मोटर बदलता येते. खिशात बाहेरच्या बाजूला तीन-चार मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा ठेवा. तो मोटरला अंगाकडे दाबतो आणि कंपन अख्ख्या कापडात पसरू देत नाही. काही जण मागे बकरम किंवा प्लॅस्टिकची चकती घालतात. त्याने उलटं होतं, सगळी पट्टी थरथरते आणि जागा हरवते.

शिंप्याला हे काम देताना कागदावर सांगू नका. एक खिसा स्वतः शिवून नमुना म्हणून न्या. चांगला टेलर तो पाहून आपल्यापेक्षा नीट पुढचे सात शिवेल.

१०. शर्टातच मोटर शिवल्या तर चालतील ना?

सैल शर्टात नाही. मोटर आणि कातडी यांच्यात बोटभर हवा आली की निरोप संपला. मग लोक जोर वाढवतात, त्याने आवाज वाढतो, जाणीव वाढत नाही. स्पॅन्डेक्स असलेली होजिअरी किंवा इलास्टिक पट्टा घ्या आणि मापापेक्षा दहा टक्के कमी कापा, म्हणजे ८० च्या कमरेला ७२. श्वास घेताना त्रास होत नाही ना, ते बसून बघा, उभं राहून नको. आत पातळ सुती बनियन असली तर हरकत नाही, उलट घाम कमी लागतो.

११. बॅटरी किती मोठी घ्यावी? मोटर फार करंट खातात ना?

मोटर फार खात नाहीत, रेडिओ खातो. एक निरोप समजा दोन मोटर आणि ३०० मिलिसेकंदांच्या तीन थरथरी. ०.९ सेकंद गुणिले १५० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३७५ मिलिअँपिअर-तास. दिवसात शंभर निरोप आले तरी चारच्या आत. उलट ईएसपी३२ रेडिओ चालू ठेवून शंभरेक मिलिअँपिअर सतत ओढत राहिला तर ५०० ची बॅटरी पाच तासांत संपते. दिवसभर चालवायचं असेल तर मोटर कमी करण्यात अर्थ नाही. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथची एनआरएफ५२ सारखी चिप घ्या किंवा ईएसपी३२ ला मध्ये मध्ये झोपवा.

चार्जिंगचं एक लक्षात ठेवा. टीपी४०५६ चं स्वस्त मॉड्यूल एक अँपिअरवर सेट होऊन येतं, कारण त्याच्या प्रोग पिनवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. ५०० मिलिअँपिअर-तासाच्या बॅटरीला ते जास्त आहे. तिथे ५ किलोओहम लावा, करंट २५० वर येतो. वेळ जास्त लागतो, बॅटरी फुगत नाही. अंगावर असताना चार्जिंग कधीही करू नका. फुगलेली, पोचा आलेली बॅटरी त्याच दिवशी बाजूला काढा.

१२. किती वेगवेगळे निरोप देता येतात? आम्हाला पूर्ण बाराखडी करायची आहे.

करता येते, पण शिकणाऱ्याला फार सराव लागतो आणि काम करताना कोणी तेवढं लक्ष देऊ शकत नाही. पाच निरोपांनी सुरुवात करा. ते झोपेतून उठवलं तरी कळायला लागले की सहावा.

निरोपाचा अर्थ जागेत आणि तालात ठेवा, जोरात नको. पट्टा जरा सैल झाला, माणूस जेवून आला, स्वेटर घातला की जोर बदलतो. ‘हळू म्हणजे फोन, जोरात म्हणजे धोका’ असं ठरवलं तर कधीतरी धोका फोनसारखा वाटेल. ताल असे ठेवा: एक लांब (६०० मिलिसेकंद), दोन आखूड (२०० थरथर, २०० थांबा, पुन्हा २००), आणि थांबवेपर्यंत चालणारा ठेका. हा शेवटचा फक्त धोक्यासाठी. नाणं-मोटरला दीडशे मिलिसेकंदांहून आखूड ठोका देऊ नका, जोर धरायच्या आतच तो संपतो (५ पाहा).

दोन निरोप एकदम आले तर कुठला आधी, हे कपड्याने ठरवायचं असतं, माणसाने नाही. धोक्याचा निरोप चालू निरोप तोडून लगेच जातो. बाकीचे रांगेत थांबतात आणि दोघांमध्ये किमान एक सेकंद शांतता हवी.

१३. डावीकडे थरथरलं तर डावीकडे वळायचं, की डावीकडे अडथळा आहे म्हणून उजवीकडे सरायचं?

दोन्ही पद्धती जगात वापरात आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. गोंधळ होतो तो एकाच कपड्यात दोन्ही घातल्यावर. रस्ता दाखवायचा असेल तर ‘थरथरीकडे वळा’, अडथळा सांगायचा असेल तर ‘थरथर आहे तिथे धोका आहे’. दोन्ही हवंच असेल तर उंची वेगळी ठेवा, रस्ता कमरेवर आणि अडथळा दंडावर, आणि तालही वेगळा ठेवा. ठरवण्याआधी घालणाऱ्याला काहीही न सांगता थरथर द्या आणि तो कुठे झुकतो ते बघा. त्याच्या अंगाची सवय तुमच्या आराखड्यापेक्षा पक्की असते.

१४. थोड्या वेळाने थरथर जाणवेनाशी होते. मोटर कमजोर झाली का?

नाही, त्वचा सरावली. सतत चालणारं कंपन ती काही वेळाने सोडून देते, जसं हातातलं घड्याळ आपल्याला जाणवत नाही. म्हणून कायम थरथरणारा संकेत ठेवू नका, तुकड्यांत द्या. चालताना, वजन उचलताना, जिना चढतानाही जाणीव कमी होते. टेबलाशी बसून जुळवलेला जोर शेतात किंवा शेडमध्ये कमी पडतो. चाचणी चालवत घ्या, आणि न कळलेला महत्त्वाचा निरोप तीन सेकंदांनी पुन्हा द्या.

१५. इचलकरंजीला मागांच्या शेडमध्ये वापरता येईल का? तिथे तर जमीनच हलते.

येईल. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो (पिक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), म्हणजे सेकंदाला अडीच दणके. अडीच हर्ट्झ कुठे आणि मोटरचे २०० हर्ट्झ कुठे. त्वचेला दोन्ही वेगळे कळतात.

चार माग सांभाळणाऱ्या कामगारासाठी रचना अशी: पुढचे दोन माग पोटाच्या डाव्या-उजव्या बाजूला, मागचे दोन पाठीच्या डाव्या-उजव्या बाजूला. आडवा धागा तुटला की वेफ्ट फोर्क (तो धागा तपासणारा काटा) हँडल सोडतो आणि माग थांबतो. त्या हँडलवर लिमिट स्विच बसवा, स्विचजवळच्या ईएसपी३२ ने ईएसपी-नाऊवरून (दोन ईएसपी बोर्डांनी थेट बोलायची पद्धत) पट्ट्याला निरोप द्यायचा. त्याला राउटर लागत नाही. अनुभवी कामगाराला माग थांबलेला आवाजावरून कळतोच. हा पट्टा ऐकू न येणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या कामगाराला त्याच्या बरोबरीने उभा करतो. त्यासाठी तो करण्यासारखा आहे.

एक अडचण आहे. कामगार मागे वळला की ‘पुढचा’ माग मागे जातो. म्हणून चालण्याच्या गल्लीत तो नेहमी कुठल्या तोंडाने उभा राहतो ते आधी बघा, किंवा जागेऐवजी तालाने माग ओळखवा: एक लांब ठोका, दोन आखूड ठोके, तीन, चार.

लोंबणारी एकही तार चालणार नाही. मागाचा पट्टा, पुली आणि फिरते दांडे तिथे हातभर अंतरावर असतात. पट्टा कपड्याच्या आत घाला आणि त्याला वेलक्रोचं बंद ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ते सुटतं. बकल सुटत नाही.

१६. मालकांनी सगळ्यांना घालायला लावलं तर?

घालणाऱ्याच्या हाताला लागेल असं बंद करण्याचं बटण असलंच पाहिजे, आणि कुठले निरोप येणार हे त्याच्याशी बसून ठरलं पाहिजे. माग थांबला, आग लागली, पाणी आलं असे निरोप कामगाराच्या उपयोगाचे. ‘हळू काम करतोयस’ म्हणून अंगाला टोचणारा पट्टा आम्ही कोणाला बनवायला सांगणार नाही, त्याची माहितीही देणार नाही. दुसऱ्याच्या अंगावर मोटर लावताना त्याची परवानगी ही पहिली पायरी आहे.

१७. फाउंड्रीत चालेल का? सायरन ऐकू येत नाही म्हणून विचारतोय.

मशीन शॉप आणि मोल्डिंगच्या बाजूला चालेल. ओतकाम आणि भट्टीजवळ नको. लिथियम बॅटरी ६० अंशांवर न्यायची नसते, चार्जिंग ४५ च्या वर करायचं नसतं, आणि स्पॅन्डेक्सचं कापड उडालेल्या ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. इंडक्शन फर्नेसजवळचं चुंबकीय क्षेत्र तारांत करंट उत्पन्न करू शकतं.

फेटलिंगवाल्यांसाठी (ओतलेल्या भागाच्या कडा घासणाऱ्यांसाठी) मोटर मनगटावर किंवा हातावर लावू नका. ग्राइंडर चालवून हात बधिर झालेले असतात, त्यात आणखी थरथर कळत नाही. दंडाच्या वरच्या भागाला किंवा पाठीला लावा. आणि हा पट्टा सायरनच्या जोडीला ठेवा, सायरन काढून नव्हे.

१८. गाडी चालवताना वळणं सांगणारं जॅकेट करायचंय. गाडीच्या थरथरीत हरवणार नाही का?

एक सिलिंडरची गाडी ४,००० आरपीएमवर ६७ हर्ट्झने थरथरते, ६,००० वर शंभरने. ती थरथर सीट आणि हँडलमधून मांड्या आणि तळहातांना येते. म्हणून मोटर तिथे नको, दंडावर हव्या. वाऱ्याने जॅकेट फुगतं, तेव्हा मोटर आतल्या घट्ट बाहीत बसवा.

वेळ सांभाळा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. वळणाच्या दीडशे मीटर आधी एक लांब थरथर आणि ४० मीटर आधी दोन आखूड, म्हणजे हातात साडेतीन सेकंद राहतात. कोल्हापुरात ताराराणी चौकासारख्या मोठ्या चौकात हे छान चालतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेच्या बोळांत मात्र दोन गल्ल्या जवळजवळ असतात आणि जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो. तिथे वेग कमी असतो, तेव्हा दुसरा निरोप १५ मीटरवर आणा आणि शंका असेल तर निरोप देऊच नका. चुकीच्या वळणापेक्षा न मिळालेला निरोप बरा.

१९. मुलाला ऐकू येत नाही. हे घातल्यावर त्याला बोलणं कळेल का?

मोटरच्या पट्ट्यातून बोलणं समजेल अशी आशा ठेवू नका. आवाज झाला, मोठा होता की बारीक, डावीकडून आला की उजवीकडून, कोणी नाव घेऊन हाक मारली, एवढं चांगलं सांगता येतं, आणि रस्त्यावर मागून येणारा हॉर्न कळणं हेही लहान नाही. पण श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा सांकेतिक भाषा यांच्या जागी हे बसत नाही. इम्प्लांट असेल तर डोक्याजवळ, टोपीत किंवा कॉलरमध्ये मोटर लावण्याआधी ऑडिओलॉजिस्टला विचारा, कारण त्यात चुंबक असतं.

२०. मधुमेह आहे, पेसमेकर आहे. घालावं का?

मधुमेहात नसा कमजोर झाल्या की कंपनाची जाणीव लवकर जाते. डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याला लावतात तो हेच बघायला. जाणीव आधी पायांत कमी होते, कमरेवर आणि दंडावर बहुधा शाबूत असते. एकेक मोटर लावून विचारा, आणि जिथे कळत नाही ती जागा सोडा. जोर वाढवून भागवू नका.

पेसमेकर असेल तर मोटरमधलं चुंबक आणि सर्किट त्यापासून किमान १५ सेंटीमीटर दूर हवं, आणि तेही हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. छातीवरचं जॅकेट नकोच. कमरेचा पट्टा असेल तर त्यांना तो दाखवून विचारा.

२१. कोल्हापुरी चपलेत बसवता येईल का?

हा प्रश्न खूपदा येतो. चामड्याच्या थरांमध्ये मोटर ठेवली तर अंगाचं सगळं वजन तिच्यावर येतं. मोटरचं पातळ झाकण दबून आतलं वजन अडकतं. वर झाडाच्या सालीने कमावलेलं कडक चामडं कंपन सगळ्या तळात पसरवतं. टाचेला आणि पावलाला फक्त ‘काहीतरी थरथरलं’ एवढं कळतं. शिवाय पाऊस लागला की चामडं पाणी पितं.

पट्ट्यावर, पावलाच्या वरच्या बाजूला बसवली तर जमतं, कारण तिथे वजन येत नाही आणि पट्टा पावलाला घट्ट असतो. डाव्या आणि उजव्या चपलेत एकेक, फक्त वळणासाठी. चपलेला भोक पाडू नका, वरून कातडी खिसा शिवून घ्या.

२२. धुवायचं कसं? आणि पावसाळ्यात?

मोटर, तारा आणि कंट्रोलर एका आतल्या पट्टीवर ठेवा आणि ती पट्टी टिचबटणांनी किंवा वेलक्रोने बाहेरच्या कपड्याला लावा. धुवायचा तो बाहेरचा कपडा. टिचबटणातून करंट नेत असाल तर महिन्याला एकदा ती जुन्या टूथब्रशने घासा. मळलेल्या बटणाने मोटर अडखळते आणि दोष प्रोग्रामला लागतो.

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. पट्टी ओलसर कपड्यावर लावली तर घामाच्या मिठामुळे पॉझिटिव्ह तार हिरवी पडून खाल्ली जाते. पंख्याखाली वाळवा. बॅटरी आणि कंट्रोलर काढून पट्टीच्या पॉझिटिव्ह वायर आणि ओल्या कापडात मल्टिमीटर धरा. काही वाचन दिसलं तर ती अजून ओली आहे.

२३. कमी मोटरमध्ये थरथर सरकल्यासारखी वाटवता येते का?

येते. गेल्डार्ड आणि शेरिक यांनी १९७२ मध्ये दाखवलं की हातावर तीन जागी पाठोपाठ ठोके दिले की मधल्या, मोटर नसलेल्या जागांवरही कोणी उड्या मारत गेल्यासारखं वाटतं. त्याला ठोके फार झटपट हवेत, ते एलआरएलाच जमतं. नाणं-मोटर असेल तर दुसरी युक्ती: पहिली २०० मिलिसेकंद चालू ठेवा आणि ती चालू असतानाच, १०० व्या मिलिसेकंदाला, शेजारची सुरू करा. पाठीवर डावीकडून उजवीकडे हात फिरवल्यासारखं वाटतं. ‘वळून बघा’ या निरोपासाठी याहून चांगली खूण नाही.

२४. पट्टा बंद असतानाही थरथरल्यासारखं वाटतं. काही बिघाड आहे का?

पट्ट्यात नाही. खिशात मोबाइल नसताना थरथरल्याचा भास होतो तसाच हा. निरोपाची वाट बघणारं मन स्नायूची फडफड किंवा कापडाचं घासणं निरोप समजतं. एकच आखूड ठोका असलेला कुठलाही निरोप ठेवू नका, कारण भास नेमका तसाच असतो. आणि बॅटरीच्या खिशाजवळ ‘पुन्हा सांग’चं बटण द्या. दाबलं की शेवटचा निरोप परत येतो, आणि गेल्या मिनिटात काहीच आलं नसेल तर कण्यावर एकच लांब थरथर.